लिंबूटिंबू भट्टी

मुंबईच्या ज्या कंपनीने आमच्या भट्टीला तो डबा बसवून दिला, तिच्या साहेबांना भर मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगण्याला आणून त्याच भट्टीपुढे दिवसभर उभं करावं, असं मला तेव्हा रोज वाटायचं. डबा बसवला, हारतुरे घेतले, प्रोग्राम लिहिणारा माणूस दुबईला निघून गेला आणि निस्तरायला मागे राहिले मी.

हे पंच्याऐंशी सालचं सांगतेय. आमचा कारखाना ट्रॅक्टरचे गिअर बनवायचा. गिअर कापून झाले की ते विजेच्या भट्टीत अख्खी पाळी तापवायचे आणि मग तेलात बुडवायचे, म्हणजे त्यांचे दाते कडक होतात. भट्टी कमी तापली तर दाते मऊ राहून झिजतात, जास्त तापली तर ठिसूळ होऊन तुटतात. पूर्वी हे सगळं गिरिधरभाऊ बघायचे. ते भट्टीचे फोरमन. भिंतीवरच्या काट्यावर नजर ठेवायची आणि वीज कमीजास्त करायची, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मग आमच्या मालकांना, मनोहररावांना, कॉम्प्युटरची हौस आली आणि भट्टीशेजारी डबा आला. डब्यात चिप, चिपमध्ये प्रोग्राम. तापमान त्याने बघायचं आणि वीजही त्यानेच चालू-बंद करायची.

मी तारा मेश्राम. सदरच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, प्रोग्राम लिहायला शिकलेली आणि कंपनीच्या बसमधून साडी नेसून येणारी एकुलती एक. मला घेतलं होतं ते त्या डब्यासाठी, आणि तेही प्रोबेशनवर. माझ्या आईने मात्र आमच्या वस्तीत, सगळ्या इंदोऱ्यात सांगून ठेवलं होतं की आमची तारा भट्टीचा मेंदू चालवते. आता त्या मेंदूचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, हे आईला कोण सांगणार!

डबा काही दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि मग एखाद्या दिवशी पिसाळल्यागत भट्टी पेटवत सुटायचा. गिअरची अख्खी खेप भंगारात जायची. कशाने, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी ट्रॅक्टर कंपनीकडून तुटलेल्या दात्यांचा खोका परत आला आणि मनोहररावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मनोहरराव मूळचे भिवापूरचे, मिरचीच्या व्यापारातले, आणि तिथली मिरची त्यांच्या जिभेवर कायमची राहिलेली.

"ताराबाई, दिवाळी झाली की त्यांचा इन्स्पेक्टर येऊन राहिला," ते म्हणाले. "त्याच्यासमोर भट्टी नीट चालली तं ठीक. नाही चालली तं मी तो डबा उचलून फेकतो अन् गिरिधरले पुन्हा काट्यापुढं बसवतो."

"आणि मी?"

"डबाच नाही तं डब्याची बाई कशाले?"

असं, तोंडावर. माझे कान तापले. डबा गेला की मी सदरमधल्या कुठल्यातरी हापिसात टाइपरायटर बडवत बसणार होते. मला प्रोग्रामच लिहायचे होते. ते काम मला जीव तोडून आवडायचं, आणि त्या काळच्या नागपुरात अशी दुसरी नोकरी दिवा घेऊन शोधली तरी मिळाली नसती.

मी प्रोग्राम वाचायला घेतला. वाचता वाचता डोक्यात तिडीक गेली. सगळं एकमेकांत गुंतलेलं. तापमानाची तार बघ, लगेच वीज लाव, मधेच घड्याळ बघ, पुन्हा तार, पुन्हा वीज. हा गडी विचार नेमका कुठे करतो, तेच सापडेना. यातली एक ओळ बदलली आणि ती बरोबर आहे का हे बघायचं म्हटलं, तर चिप काढा, पुसा, पुन्हा लिहा, भट्टीत खरे गिअर भरा आणि पाळी संपेपर्यंत हातावर हात धरून बसा. चुकलं की खेप गेली. त्यात गिरिधरभाऊ भट्टीला हात लावू देतील तर शपथ.

"म्याडम, भट्टी मालासाठी हाये," ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे. "तुमच्या शिकण्यासाठी नाही."

चुका कोणाच्याही होतात, माझ्याही होतात. त्याचा मला राग नव्हता. पण तू कुठे चुकतोस, हे ज्याला विचारताच येऊ नये असा प्रोग्राम लिहून ठेवायचा, हा मला निव्वळ उद्धटपणा वाटला. त्याच रागात मी त्या प्रोग्रामचे तीन तुकडे केले.

एक तुकडा म्हणजे डोळे. त्याने तापमान आणि वेळ वाचायची आणि मेमरीतल्या ठरलेल्या खणांत ठेवायची, पुढच्या भानगडीत पडायचं नाही. मधला तुकडा म्हणजे डोकं. त्याने खणांतले आकडे बघायचे, विचार करायचा आणि वीज हवी की नको एवढंच आणखी एका खणात लिहून ठेवायचं. तिसरा तुकडा म्हणजे हात. खणात जे लिहिलंय तेवढं करायचं, शहाणपणा करायचा नाही. डोक्याने भट्टीचं तोंडसुद्धा बघायचं नाही. खणातला आकडा भट्टीने टाकला की मी टाकला, हे त्याला कळताच कामा नये. म्हणजे मग मला हवे ते आकडे टाकून त्याची हवी तेवढी परीक्षा घेता येईल. डोक्यातला विचार मात्र मी मुंबईवाल्याचा होता तसाच ठेवला. त्याचीच तर चूक पकडायची होती.

स्टोअरच्या मागच्या खोलीत मी टेबल मांडलं. त्याच्यावर एक जास्तीचा डबा पडून होता तो ठेवला. खऱ्या भट्टीच्या जागी एक गोल बटण लावलं. ते फिरवलं की तापमान चढायचं आणि उतरायचं. विजेच्या जागी एक साधा दिवा. दिवा पेटला म्हणजे भट्टीला वीज चालू. घड्याळही माझंच, हवं तेवढं पळणारं. अख्खी पाळी एका चहात संपायची! पहिल्यांदा ती तशी संपली तेव्हा मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांचा आवाज ऐकून नेमके मनोहरराव आत आले.

"हे काय चालून राहिलं?"

"साहेब, ही खोटी भट्टी आहे," मी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

तिथेच माती खाल्ली. मनोहररावांच्या वडिलांच्या मिरचीत एकदा कोणीतरी भेसळ केली होती आणि भरल्या बाजारात त्यांना मान खाली घालावी लागली होती. तेव्हापासून 'खोटं' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. आमच्या फाटकावर भलीमोठी पाटी होती, 'येथे खोटे काम होत नाही'. रोज त्या पाटीखालून आत येणाऱ्या मला हे सुचू नये?

"खोटी भट्टी? माझ्या कारखान्यात?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आज खोटी भट्टी, उद्या खोटा माल, परवा खोटं सर्टिफिकेट! उचला हे सगळं. आत्ताच्या आत्ता!"

आणि ते तरातरा निघूनही गेले. एका शब्दापायी सगळं मुसळ केरात जाणार होतं. मग मात्र माझं टाळकं सरकलं. मी पदर खोचला आणि त्यांच्या मागे धावत अंगणात गेले. लेथवरची माणसं जेवायच्या सुट्टीत तिथेच डबे उघडून बसली होती. बसू देत.

"साहेब, तुम्ही लहानपणी विटीदांडू खेळायचे ना?"

ते वळले. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नसावा. "खेळत होतो. मंग?"

"धाकटा भाऊ मला घ्या म्हणून रडायचा तेव्हा काय करायचे?"

"काय करतो? त्याले लिंबूटिंबू घेऊन घेऊ."

"मग तो विटी मारायचा? पळायचा? औट व्हायचा?"

"सगळं करे. दहादा औट होये. पण त्याचं धरत नसू."

"मग तो खोटा खेळायचा का, साहेब?"

जेवणारे हात तोंडाशी थांबले. आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि लिंबूटिंबूचा तर मला घरचा अनुभव. मी तीन भावांच्या पाठीवरची.

"ती भट्टी लिंबूटिंबू आहे," मी म्हटलं. "तिच्यात तुमचा एकही गिअर बनणार नाही. तिच्यावर प्रोग्राम हवा तेवढा औट होऊ दे, आपण धरायचंच नाही. खेळ शिकला, पक्का झाला, की मग त्याला खऱ्या डावात घ्यायचं. आता तुम्ही त्याला थेट मोठ्या डावात उतरवलं आणि औट झाला म्हणून मला घरी पाठवताय."

आधी लेथवरचा लहानू फिसकन हसला. मग मनोहरराव हसले. पोट धरून हसले.

"लिंबूटिंबू! अवो मंग तसं सांगा नं! खोटी काहून म्हणता?" डोळे पुसत ते म्हणाले. "ठेवा तुमची लिंबूटिंबू. पण गिरिधर सोबत बसन. त्याचा भरोसा बसला तरच प्रोग्राम खऱ्या भट्टीवर जाईन."

गिरिधरभाऊ दुसऱ्या दिवशी येऊन बसले ते हाताची घडी घालून. लेकीचं स्थळ बघायला आलेल्या माणसासारखे. टेबलाकडे बघेनात, माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, "भाऊ, बटण फिरवा. तुमची भट्टी जशी तापते तसं फिरवा." त्यांनी घडी सोडली. बोटांत बटण धरलं आणि ते फिरवायला लागले, हळूहळू चढवत, मधेच थोडं रेंगाळत, अगदी त्यांच्या भट्टीच्या चालीने. दिवा योग्य जागी विझला, योग्य जागी लागला.

"एवढं तं कोणीबी करते," ते म्हणाले. "लाईन गेली तं?"

मी डब्याची वीज बंद करून पुन्हा चालू केली. प्रोग्रामने शहाण्यासारखे तेच गिअर पहिल्यापासून तापवायला घेतले.

"बोंबला!" गिरिधरभाऊ खूश झाले. आपला मान राखला गेला असं त्यांना वाटलं असावं. आता त्यांना मजा यायला लागली. "बरं, हे सांगा. तार तुटली तं?"

"कुठली तार?"

उत्तर देण्याऐवजी त्यांनी टेबलावरची तापमानाची तार धरली आणि हिसका मारून काढली. आकडा एकदम शून्यावर गेला. दिवा पेटला. माझं घड्याळ पळत होतं, टेबलावरचे तास भराभर जात होते आणि दिवा काही विझायचं नाव घेईना.

आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत राहिलो.

"तारा वं," गिरिधरभाऊ हळूच म्हणाले. म्याडम कुठल्या कुठे गेली होती. "हे तं भट्टी थंडी पडली म्हणून समजून राहिलं!"

"आणि आत भट्टी लाल," मी म्हटलं. "तरी हा आपला पेटवतोय, पेटवतोय."

"खरी तार भट्टीच्या तोंडावरूनच जाते. गरमीनं ढिली होते. कधी लागते, कधी सुटते. मी बदलवतो तवा लयदा आतून तुटलेलीच निघते."

झालं! सापडला! इतक्या खेपा जिच्यापायी भंगारात गेल्या ती चूक टेबलावर आमच्यापुढे पिवळी धमक पेटून बसली होती आणि तिच्यासाठी एकही गिअर जाळावा लागला नव्हता. मी खुर्चीवरून उडीच मारली. गिरिधरभाऊ पण उठले आणि मग आपण का उठलो हे न कळून पुन्हा बसले. त्या दिवशीचा चहा त्यांनी पाजला, तोही मलईचा.

दुरुस्ती छोटी होती. तापलेली भट्टी एका क्षणात गार होऊ शकत नाही. आकडा तसा कोसळला तर डोक्याने त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. वीज बंद करायची, घंटा वाजवायची आणि माणूस येईपर्यंत गप्प बसायचं. लाईन जाऊन आली तर जिथे थांबलो होतो तिथून पुढे चालायचं. मी लिहिलं, टेबलावर चालवून बघितलं, बरोबर आलं.

पण गिरिधरभाऊंच्या तोंडाला आता रक्त लागलं होतं. पाळीला जायच्या आधी रोज यायचे आणि पक्कड घेऊन टेबलावर तुटून पडायचे. भट्टीचं दार उघडं राहिलं तं? बटण अडकलं तं? तार अर्धीच तुटली तं? लहानू एकदा येऊन दोन्ही तारा उलट्या जोडून गेला. भट्टी तापे तसा आकडा उतरत जाई, आणि प्रोग्राम त्यालाही फसला. मी वैतागले, बडबडले आणि दुरुस्त केलं. प्रत्येक प्रश्न मी मशीनमध्येच घालून ठेवत गेले. मग प्रोग्राममध्ये कुठेही हात लावला की टेबल स्वतःच सगळे जुने प्रश्न ओळीने विचारायचं आणि एक जरी उत्तर चुकलं तरी लाल दिवा लावायचं. एकदा लाईनचं सुधारताना मी तारेचं उत्तर बिघडवून ठेवलं. लाल दिवा लागला, चहा निवायच्या आत चूक हातात आली. पूर्वी हीच चूक शोधायला एक अख्खी खेप खर्ची पडली असती.

सगळे प्रश्न सुटले तेव्हा गिरिधरभाऊंनी स्वतः नवी चिप खऱ्या भट्टीच्या डब्यात बसवली. डोकं तेच, टेबलावरचं. फक्त डोळे आणि हात आता खऱ्या भट्टीचे होते. भट्टी चालली. रोज चालली. पण खरा दिवस अजून यायचा होता.

दिवाळी झाली आणि इन्स्पेक्टर आले. नाव चंपतराव, पण एकदा भट्टीपुढे उभे राहिले की हलायचं नाव नाही. भट्टी भरलेली होती, खरा माल, ऐन तापलेली. मनोहरराव घामाघूम, भट्टीने की भीतीने, कोण जाणे. चंपतरावांनी काटा बघितला, डबा बघितला, मग मला आपादमस्तक बघितलं.

"पूर्वी दाते तुटले ते कशाने?"

मी तारेचं सांगितलं.

"आणि आता तार तुटली तर?"

"वीज बंद होईल आणि घंटा वाजेल."

"हे तुम्ही म्हणता."

"म्हणत नाही. रोज बघते. टेबलावर चालवून बघितलंय."

"टेबलावर?" ते हसले. असलं हसू मला पॉलिटेक्निकपासून ओळखीचं होतं. "भट्टी टेबलावर नसते, बाई. टेबलावर सगळंच चालतं. मला एवढ्यावर सही करता येणार नाही."

मनोहररावांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला टाइपरायटर दिसला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि मागे खट्कन आवाज झाला.

गिरिधरभाऊंनी पक्कडीने भट्टीची तार तोडली होती.

भरलेल्या, लाल भट्टीची. कोणाला न विचारता. तेवढ्यात डब्यात खट्ट झालं, वीज तुटली आणि घंटा जी वाजायला लागली ती पार फाटकापर्यंत ऐकू गेली. लेथ थांबले, माणसं धावत आली. भिंतीवरच्या जुन्या काट्याची तार वेगळी होती. चंपतराव त्याच्याकडे टक लावून बघत होते. काटा तसूभरही वर चढला नाही. मी लिहिलं होतं तस्सं, अक्षर न् अक्षर तस्सं घडलं होतं!

गिरिधरभाऊंनी सावकाश नवी तार जोडली, घंटा बंद केली, डब्याचं बटण दाबलं. डबा थांबला होता तिथून पुढे चालू झाला. पाळी संपली तेव्हा गिअर तेलात बुडवले आणि चंपतरावांनी हवे ते स्वतः उचलून तपासले. एकही मऊ नव्हता, एकही ठिसूळ नव्हता. सही करून झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं ते टेबल मला दाखवाल का?" या वेळी ते हसत नव्हते.

मनोहररावांनी सगळ्यांच्या देखत हात वर केला. "डबा राहीन," ते म्हणाले, "अन् बाई राहीन. प्रोबेशन-बिबेशन आजपासून खतम. आता दुसऱ्या भट्टीलेबी डबा येईन, अन् त्याचा प्रोग्राम ताराबाईच लिहीन, पहिल्या ओळीपासून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले. रडू नये असं वाटलं होतं, पण रडले, आणि भरपूर रडले.

तेव्हा कुठे मनोहररावांना राग आठवला. ते गर्रकन गिरिधरभाऊंकडे वळले.

"अन् तुले काय भूत लागलं होतं का गा, गिरिधर? भरल्या भट्टीची तार तोडते? माझा जीव गेला असता नं!"

गिरिधरभाऊंनी पक्कड खिशात घातली.

"काहून घाबरून राहिले साहेब?" ते म्हणाले. "मी तं ते रोजच तोडून राहिलो."